घरच्या सर्व्हरसाठी एसएमपीएस कसा निवडावा? वॅट, वायर आणि हार्ड डिस्कचा सोपा हिशेब

घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप, त्यात बसवलेल्या तीन-चार मोठ्या हार्ड डिस्क आणि एखादी मोफत प्रणाली एवढ्या सामग्रीत घरचा सर्व्हर तयार होतो. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रे, सिनेमे असे सगळे एका जागी राहते आणि क्लाउडचे दरमहा भाडे वाचते. म्हणूनच अलीकडे अनेक जण हा उद्योग हौसेने करतात. हार्ड डिस्क कोणती घ्यावी यावर आठवडाभर विचार होतो. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर आलेला असतो तोच राहतो, किंवा दुकानदार देईल तो बसवला जातो.

हा भाग दुर्लक्षित राहू नये, याला साधे कारण आहे. चार डिस्कपैकी एक गेली तरी उरलेल्या तीन शाबूत राहतात. एसएमपीएस मात्र एकच असतो आणि सगळ्या डिस्क त्याच्यावरच चालतात. बिघडताना त्याने चुकीचे व्होल्टेज बाहेर सोडले तर चारही डिस्क एकाच क्षणी निकामी होऊ शकतात. म्हणजे सर्व्हरमधला सर्वांत कमी चर्चेचा भागच सगळा डेटा एका फटक्यात घालवू शकतो.

थोडक्यात उत्तर

- खोक्यावरच्या एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात, ते महत्त्वाचे.
- हार्ड डिस्कचा खरा भार ती सुरू होतानाच्या काही सेकंदांत येतो. ३.५ इंची डिस्कमागे १२ व्होल्टवर २ अँपिअर धरावेत.
- ४ डिस्कच्या सर्व्हरला चांगल्या प्रतीचा ३५० ते ४५० वॅटचा, तर ८ डिस्कच्या सर्व्हरला ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो.
- एका साटा कनेक्टरवर स्प्लिटर लावून दोनपेक्षा जास्त मोठ्या डिस्क चालवू नयेत.
- एका एसएमपीएसची सुटी केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नये.

एसएमपीएस नेमके काय करतो?

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची एसी वीज असते. संगणकाच्या भागांना लागते डीसी, तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन पातळ्यांवर. हे रूपांतर एसएमपीएस करतो. आज डेस्कटॉपमध्ये दिसणाऱ्या एसएमपीएसचा साचा इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मानकावर आधारलेला आहे.

सुरुवातीच्या काळात संगणकाचा मोठा भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. पेंटियम ४ च्या सुमारास प्रोसेसरची भूक वाढली आणि हा भार १२ व्होल्टकडे सरकला. आज प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, फॅन आणि हार्ड डिस्कची मोटर हे सगळे १२ व्होल्टवरच चालतात. त्यामुळे सर्व्हरसाठी एसएमपीएस पाहताना पहिली नजर १२ व्होल्टच्या रकान्यावर जायला हवी.

हार्ड डिस्क किती वीज घेते?

३.५ इंची हार्ड डिस्कमध्ये दोन कामे चालतात. आतल्या तबकड्या फिरवणारी मोटर १२ व्होल्टवर चालते, तर डिस्कवरचे इलेक्ट्रॉनिक सर्किट ५ व्होल्टवर. तबकड्या एकदा पूर्ण वेगात आल्या की डिस्क फार वीज घेत नाही. नुसती फिरत असताना साधारण ४ ते ६ वॅट आणि वाचन-लेखन चालू असताना ६ ते १० वॅट एवढीच तिची गरज असते.

थांबलेल्या तबकड्या फिरवायला मात्र जोर लागतो. भरलेली हातगाडी जागची हलवताना ताकद लावावी लागते आणि एकदा चालू लागली की ती हलकी वाटते, तसाच हा प्रकार. सुरू होण्याच्या त्या काही सेकंदांत एक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे जवळपास २४ वॅट घेते. चालू असतानाच्या चौपट-पाचपट!

एक डिस्क असताना याचा पत्ताही लागत नाही. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर मात्र १२ व्होल्टवर फक्त डिस्कचाच १६ अँपिअरचा भार येतो. त्याच वेळी प्रोसेसरही सुरू होत असतो. एसएमपीएस तेवढा करंट देऊ शकला नाही तर व्होल्टेज खाली येते, एखादी डिस्क अर्ध्यात थांबते, किंवा मशीन सुरू होता होता बंद पडते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हार्ड डिस्कच्या लेबलवर छापलेले अँपिअर बहुतेक वेळा चालू स्थितीतले असतात. सुरू होतानाचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो. तो मिळाला नाही तर डिस्कमागे २ अँपिअर धरून चालावे.

२.५ इंची लॅपटॉप हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांचे गणित वेगळे आहे. त्या ५ व्होल्टवर चालतात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने सुरुवातीचा झटका येत नाही आणि तिची गरज साधारणपणे २ ते ५ वॅटपर्यंत असते.

हिशेब कसा करायचा?

समजा, साध्या ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, चार ३.५ इंची डिस्क आणि एक एसएसडी आहे. १२ व्होल्टचा हिशेब असा होईल:

- चार डिस्क सुरू होताना: ८ अँपिअर
- प्रोसेसर आणि मदरबोर्ड, सढळ हाताने धरून: ८ अँपिअर
- तीन फॅन: अर्धा अँपिअर
- एकूण: १६.५ अँपिअर, म्हणजे सुमारे २०० वॅट

यावर पाव हिस्सा राखीव धरला की २१ अँपिअरच्या आसपास, म्हणजे साधारण २५० वॅट होतात. ५ व्होल्टवर चार डिस्क, एसएसडी, यूएसबी आणि मदरबोर्ड मिळून ८ अँपिअर, म्हणजे ४० वॅट धरले, तर एकूण गरज २९० वॅटच्या घरात जाते. चांगल्या प्रतीचा ३५० वॅटचा एसएमपीएस हे काम आरामात करतो. पुढे डिस्क वाढवायच्या असतील तर ४५० वॅटचा घ्यावा.

आता डिस्क आठ केल्या तर डिस्कचे १६, प्रोसेसर व मदरबोर्डचे ८ आणि फॅनचा १ मिळून २५ अँपिअर होतात. पाव हिस्सा राखीव धरल्यास हा आकडा ३१ अँपिअरपर्यंत, म्हणजे ३७५ वॅटपर्यंत जातो. ५ व्होल्टचे ६० वॅट धरले की ४३५ वॅट होतात. इथे ४५० वॅट ही किमान पायरी आणि ५५० वॅट ही निर्धास्त निवड. सिनेमे दुसऱ्या स्वरूपात बदलण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवणार असाल तर त्याची गरज यात स्वतंत्रपणे मिळवावी. मात्र इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये हे काम आतल्या ग्राफिक्सवरच होते, वेगळे कार्ड लागत नाही.

हा सगळा हिशेब सुरुवातीच्या काही सेकंदांचा आहे. त्यानंतर हाच चार डिस्कचा सर्व्हर निवांत असताना ४५-५० वॅटवर चालतो. काही एचबीए कार्डांमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते. ती असेल तर सुरुवातीचा झटका विभागला जातो. घरगुती मदरबोर्डवर ही सोय क्वचितच मिळते, त्यामुळे तिच्या भरवशावर एसएमपीएस लहान घेऊ नये.

वीज वाचवण्यासाठी डिस्क रिकाम्या वेळी झोपवण्याची सेटिंग अनेक जण लावतात. पण कोणी फोटो उघडला आणि सगळ्या डिस्क एकदम जाग्या झाल्या तर तोच झटका दिवसातून अनेकदा बसतो. मग हिशेब फक्त सकाळी मशीन चालू करण्यापुरता राहत नाही.

लेबल कसे वाचावे?

प्रत्येक एसएमपीएसच्या एका बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे वेगळे रकाने आणि प्रत्येकापुढे कमाल अँपिअर दिलेले असतात. १२ ला त्या अँपिअरने गुणले की १२ व्होल्टवर मिळणारे खरे वॅट कळतात.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिले असेल आणि १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर असतील, तर सर्व्हरच्या कामाचे फक्त १६८ वॅट झाले. असे एसएमपीएस बाजारात कमी नाहीत. उलट, चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टपुढे ३५ अँपिअरच्या वर आकडा दिसतो. म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथे उपलब्ध असते.

काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्या दोन आकड्यांची थेट बेरीज करू नये. खाली 'एकत्रित कमाल' म्हणून दिलेला वॅटचा आकडा ग्राह्य धरावा. ज्या एसएमपीएसवर असा तक्ताच नाही किंवा फक्त एकूण वॅट लिहिले आहेत, तो सर्व्हरसाठी बाजूला ठेवावा.

तक्त्यानंतर संरक्षणाची यादी पाहावी. व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढणे, ते खूप खाली येणे, करंट जास्त होणे, शॉर्टसर्किट होणे आणि आतले तापमान वाढणे, या प्रसंगी एसएमपीएसने स्वतःला बंद केले पाहिजे. यातले व्होल्टेज वाढण्यापासूनचे संरक्षण डिस्कसाठी सर्वांत मोलाचे आहे. वॉरंटीही बोलकी असते. पाच, सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी सहसा आतल्या सुट्या भागांत काटकसर करत नाही.

करंट डिस्कपर्यंत पोहोचतो कसा?

एसएमपीएस दमदार असला तरी वायर आणि कनेक्टर कमकुवत असतील तर उपयोग नाही. घरच्या सर्व्हरमध्ये जळण्याचे आणि वितळण्याचे प्रकार बहुतेक याच ठिकाणी होतात.

हार्ड डिस्कला वीज देणारा साटा कनेक्टर चपटा असतो आणि त्यात १५ पिना असतात. १२ व्होल्टसाठी त्यातल्या तीन पिना असून प्रत्येक पिन १.५ अँपिअरची आहे. म्हणजे एका कनेक्टरमधून १२ व्होल्टवर कमाल ४.५ अँपिअर जाऊ शकतात. सुरू होताना दोन डिस्क मिळून ४ अँपिअर घेतात. म्हणून एका साटा कनेक्टरवर स्प्लिटर लावला तर दोन डिस्क हीच मर्यादा. एकाचे पाच करणारे स्प्लिटर बाजारात मिळतात, पण पाच मोठ्या डिस्क त्यावर एकदम सुरू झाल्या तर १० अँपिअर त्या तीन नाजूक पिनांमधून जातील.

एसएमपीएसमधून थेट निघालेल्या केबलवर तीन-चार साटा कनेक्टर असतात. हे स्प्लिटरपेक्षा चांगले, कारण तिथे वायर जाड असते आणि प्रत्येक डिस्कला स्वतःचा कनेक्टर मिळतो. तरीही एका केबलवर चारपेक्षा जास्त डिस्क लावू नयेत. आठ डिस्क असतील तर किमान दोन वेगळ्या केबल वापराव्यात. म्हणूनच खरेदी करताना एसएमपीएसबरोबर साटाच्या किती केबल येतात आणि त्यावर एकूण किती कनेक्टर आहेत, हे आधी मोजावे. ८ डिस्कच्या सर्व्हरसाठी दोन एसएमपीएसमधून निवड करायची झाली तर जास्त वॅटवाल्यापेक्षा जास्त केबलवाला उपयोगी पडतो.

चार जाड पिनांचा जुना पांढरा कनेक्टर म्हणजे मोलेक्स. त्याच्या पिना बऱ्याच जास्त करंट पेलतात. पुढून डिस्क सरकवायच्या पिंजऱ्यांना बहुतेक वेळा मोलेक्सच असतो. पिंजऱ्याला दोन मोलेक्स असतील तर दोन्ही जोडावेत आणि शक्यतो वेगवेगळ्या केबलवरून जोडावेत.

मोलेक्सवरून साटा करणारा अडॅप्टर घ्यावा लागला तर त्याचा साटा कनेक्टर नीट पाहावा. स्वस्त अडॅप्टरमध्ये वायरींवर एकसंध प्लास्टिक ओतलेले असते. आतल्या वायरी एकमेकींच्या फार जवळ आल्या तर त्या कालांतराने शॉर्ट होऊन कनेक्टर जळतो, हा प्रकार जगभर अनुभवाला आलेला आहे. ज्यात प्रत्येक वायर मागून वेगळी आत गेलेली दिसते आणि धातूच्या टोकात पक्की दाबलेली असते, तो अडॅप्टर घ्यावा. दोन्हींच्या किमतीतला फरक किरकोळ असतो.

केबलची अदलाबदल नको

अनेक एसएमपीएसमध्ये केबल सुट्या येतात आणि हव्या तेवढ्याच लावता येतात. याला मॉड्युलर म्हणतात. कॅबिनेटमध्ये गुंता कमी होतो, हा त्याचा फायदा.

धोका असा, की डिस्ककडच्या टोकाचे मानक ठरलेले आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाचे नाही. कोणत्या छिद्रात १२ व्होल्ट आणि कोणत्या छिद्रात ५ व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपल्यापरीने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खाचेत अगदी नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क बटण दाबताच जळतात.

म्हणून जुना एसएमपीएस काढताना त्याच्या केबलही काढून त्याच्याच खोक्यात ठेवाव्यात. जास्तीची केबल हवी असेल तर नेमक्या मॉडेलचे नाव पाहूनच मागवावी.

डिस्क नवी, पण सुरूच होत नाही?

काही नव्या डिस्क, विशेषतः डेटा सेंटरसाठीच्या किंवा बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेल्या, जुन्या एसएमपीएसवर फिरतच नाहीत. डिस्क खराब आहे असे वाटून ती परत पाठवली जाते. कारण बहुधा वेगळे असते.

साटाच्या नव्या मानकात तिसऱ्या पिनेला वेगळे काम दिले आहे. त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. दूरवरच्या सर्व्हरमधली अडकलेली डिस्क रिसेट करता यावी, यासाठी ही सोय आहे. जुने एसएमपीएस त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देतात, म्हणून डिस्क कायमची बंद राहते. उपाय दोन आहेत. डिस्कच्या तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवावी, किंवा चांगल्या प्रतीचा मोलेक्स अडॅप्टर वापरावा. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची वायरच नसल्याने प्रश्न उरत नाही.

कार्यालयातला जुना ब्रँडेड डेस्कटॉप

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणारे नामांकित कंपन्यांचे वापरलेले डेस्कटॉप घरच्या सर्व्हरसाठी लोकप्रिय आहेत. ते कमी वीज घेतात आणि मजबूत असतात. त्यांचा एसएमपीएस मात्र अनेकदा नेहमीच्या मापाचा नसतो. तो १८० ते २६० वॅटच्या आसपास असतो आणि काही मॉडेलांमध्ये त्याच्यातून फक्त १२ व्होल्ट निघतात. डिस्कची वीज मग मदरबोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून घ्यावी लागते.

ती सोय एक-दोन डिस्कपुरतीच केलेली असते. तिथे स्प्लिटर लावून चार-पाच मोठ्या डिस्क चालवल्या तर भार मदरबोर्डवर येतो. अशा मशीनमध्ये एक एसएसडी आणि दोन मोठ्या क्षमतेच्या डिस्क एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे. जास्त डिस्क हव्या असतील तर सर्वसाधारण एटीएक्स मदरबोर्ड आणि कॅबिनेट घेतलेले बरे. लहान कॅबिनेटला एसएफएक्स मापाचा एसएमपीएस लागतो. त्याची रुंदी १२५ मिलिमीटर, तर नेहमीच्या एटीएक्सची १५० मिलिमीटर असते. मागवण्याआधी माप घ्यावे.

८० प्लस आणि विजेचे बिल

भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटपैकी किती वॅट संगणकाला मिळतात, याला कार्यक्षमता म्हणतात. उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ८० प्लस योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे दर्जे आहेत. मूळ अट अशी, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के असावी.

यात दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, हा दर्जा फक्त कार्यक्षमतेचा आहे. एसएमपीएस किती वर्षे टिकेल किंवा संरक्षण कसे आहे, हे त्यातून कळत नाही. दुसरी, घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ ४५-५० वॅटवर असतो. ८५० वॅटच्या एसएमपीएससाठी हा भार जेमतेम ५-६ टक्के होतो. तिथे बहुतेक एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते. म्हणून 'मोठाच घेऊन ठेवू' हा विचार इथे तोट्याचा ठरतो.

आकड्यांत पाहू. आतल्या भागांना ४५ वॅट हवे असतील आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल तर भिंतीतून ५६ वॅट जातात. महिन्याला ४० युनिट. कार्यक्षमता ८८ टक्के असेल तर ५१ वॅट, म्हणजे महिन्याला साधारण ३७ युनिट. वर्षाचा फरक ४४ युनिटच्या आसपास.

महावितरणच्या घरगुती दरात युनिट वाढतील तसा पुढच्या टप्प्याचा दर जास्त असतो. ज्या घराचा वापर आधीच १०० युनिटच्या वर आहे, तिथे सर्व्हरचे सगळे युनिट वरच्या दरानेच मोजले जातात. तरीही गोल्डसाठी फार जास्त पैसे मोजण्याआधी फरक किती वर्षांत वसूल होईल, ते पाहावे.

इन्व्हर्टर, यूपीएस आणि अर्थिंग

वीज गेल्यावर एसएमपीएसमध्ये साठलेल्या विजेवर संगणक क्षणभर तग धरतो. एटीएक्स मानकाच्या आधीच्या आवृत्त्यांनुसार हा काळ पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद होता. संगणकासाठीचे यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतात, त्यामुळे मशीन चालू राहते. घरच्या इन्व्हर्टरला सर्वसाधारण मोडमध्ये यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यावर सर्व्हर असेल तर इन्व्हर्टरचा यूपीएस मोड चालू ठेवावा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आणखी एक अडचण येते. आजच्या बहुतेक चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी हे सर्किट असते आणि त्याला गुळगुळीत साइन वेव्ह मानवते. स्क्वेअर वेव्हवर असे एसएमपीएस गुणगुणतात, तापतात किंवा बंद पडतात. अशा घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा सर्व्हरपुरता वेगळा यूपीएस घ्यावा. यूएसबीने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस असेल तर बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप नीट बंद होतो.

वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू करण्याची सेटिंग बायोसमध्ये असते. ज्या गावात वीज दहा मिनिटांत चार वेळा जाते-येते, तिथे ही सेटिंग यूपीएसशिवाय ठेवू नये. प्रत्येक वेळी सगळ्या डिस्क पुन्हा फिरायला लागतात आणि अर्ध्यात थांबतात.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असे समजावे. एसएमपीएसमधली गाळणी थोडीशी गळती पत्र्यावर आणते आणि अर्थिंगची वायर ती जमिनीत सोडते. वायरमनला बोलावून सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्यावी. दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड सर्व्हरला वापरू नये.

जुना एसएमपीएस चालेल का?

एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर म्हणूनच लवकर थकतो. नामांकित कंपनीचा, वॉरंटीत असलेला एसएमपीएस पुन्हा वापरायला हरकत नाही. आठ-दहा वर्षे चाललेला, धूळ खाल्लेला एसएमपीएस मात्र साध्या कामाला ठेवावा, डेटाच्या डिस्कवर नको.

मल्टिमीटर असेल तर सर्व्हर चालू असताना मोकळ्या मोलेक्सवर व्होल्टेज मोजता येते. पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळ्या वायरमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. एसएमपीएसचे खोके मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज शिल्लक राहू शकते.

काही लक्षणे आधीच सावध करतात. सुरू होताना डिस्कचा टकटक आवाज येणे, एखादी डिस्क अधूनमधून दिसेनाशी होऊन पुन्हा दिसणे, जास्त काम दिल्यावर मशीन रिस्टार्ट होणे. डिस्कच्या स्मार्ट अहवालात सुरू-बंद होण्याची संख्या असते. डिस्क झोपवण्याची सेटिंग नसताना आणि सर्व्हर बंद केलेला नसताना ती वाढत असेल, तर डिस्कला वीज नीट मिळत नाही. नवी डिस्क घेण्याआधी केबल आणि एसएमपीएस तपासावा.

नेहमी पडणारे प्रश्न

एसएमपीएस जास्त वॅटचा असला तर जास्त वीज खातो का?
नाही. भार असेल तेवढीच वीज जाते. फक्त फार कमी भारावर कार्यक्षमता घसरल्याने थोडी वीज वाया जाते.

दोन एसएमपीएस वापरून डिस्क वेगळ्या चालवता येतील का?
तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण दोन्ही एकाच वेळी सुरू आणि बंद व्हावे लागतात व दोघांचा अर्थ समान असावा लागतो. घरासाठी योग्य क्षमतेचा एकच एसएमपीएस सोपा आणि सुरक्षित.

रेड लावले आहे, मग एसएमपीएसची चिंता कशाला?
रेडमुळे एखादी डिस्क गेली तरी डेटा राहतो. एसएमपीएसचा बिघाड एक डिस्क निवडून येत नाही, तो सगळ्यांवर एकदम येतो. कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये याच भीतीपोटी दोन एसएमपीएस असतात.

शेवटची खबरदारी

चांगला एसएमपीएस धोका कमी करतो, संपवत नाही. वीज पडणे, वायरिंगचा दोष, चुकून लागलेली केबल यांपैकी काहीही सगळ्या डिस्कपर्यंत पोहोचू शकते. म्हणून जे फोटो आणि कागदपत्रे पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत अशा डिस्कवर असावी जी या कॅबिनेटमध्ये नाही आणि एरवी कोणत्याही सॉकेटला जोडलेली नसते. महिन्यातून एकदा ती जोडावी, नवी प्रत घ्यावी आणि काढून कपाटात ठेवावी.